मुंबईचा टॉवर डिझाइन करायचा तं आधी डोक्यातला कूलर बंद करा

राजेहो, हे लिहितोय आपल्या इकडच्या पोरापोरींसाठी. म्हंजे दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, कारंजा या पट्ट्यातून सिव्हिलचा डिप्लोमा नाही तं आर्किटेक्चर करून जे मुंबई, ठाणे, पनवेल, वसईकडे ऑफिसात लागतात अन् पहिल्याच महिन्यात ज्यांच्या हातात पंचवीस-तीस मजल्यांच्या टॉवरचा टिपिकल फ्लोअर, म्हंजे वरपर्यंत तोच तोच होणारा मजला, येतो. ऑटोकॅड येतं, बायलॉज हळूहळू पाठ होतात, पण घर गार कसं ठेवायचं हे जे लहानपणापासून आपल्या अंगात मुरलेलं असतं ते समुद्राकाठी सपशेल उलटं पडतं. हे ऑफिसात कोणी बसवून सांगत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

आधी दोन्हीकडच्या गरमीतला फरक. आपल्याकडे नवतप्यात पारा ४५ च्या घरात जातो पण हवा कोरडी ठक्क, दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. रात्री तापमान १४-१५ डिग्रीनं उतरतं. म्हणूनच आपल्या आजोबांनी हातभर जाड मातीच्या भिंती घातल्या, वर धाबं नाही तं कवेलू, खिडक्या बारक्या. सकाळी नऊ-दहाला दारंखिडक्या बंद करायच्या, संध्याकाळी उघडायच्या, खाट अंगणात टाकायची. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री थंड होते, हिशोब बरोबर बसतो. कूलर चालतो तोही हवा कोरडी आहे म्हणूनच, पाणी उडतं अन् हवा थंड होते.

मुंबईत मे महिन्यात दिवसाचं कमाल तापमान ३३-३४, ऐकायला किती कमी वाटतं. पण रात्रीही २७ च्या खाली जात नाही आणि आर्द्रता ७० च्या आसपास. म्हंजे दिवस-रात्रीत फरक जेमतेम सहा-सात डिग्री. जाड भिंतीला थंड व्हायला वेळच मिळत नाही, ती रात्री दोन वाजताही खोलीत उष्णता सोडत बसते. अन् कूलर लावला तं आधीच चिकट असलेल्या हवेत आणखी पाणी, गादीसुद्धा ओलसर लागते. तिथं माणसाला आराम एकाच गोष्टीनं मिळतो, अंगावरचा घाम उडाला पाहिजे, आणि घाम उडायला अंगावरून वारा वाहिला पाहिजे. त्यामुळे तिथल्या टॉवरचं सगळं डिझाइन दोन कामांवर येऊन थांबतं, ऊन भिंतीच्या बाहेरच अडवा आणि वारा घरातून आरपार जाऊ द्या. इतर सगळं यांच्यामागून येतं.

हे माझं एकट्याचं मत आहे असं समजू नका, सरकारी संहितेतही हेच आहे. घरांसाठीची इको निवास संहिता २०१८ ची आहे, त्यात नागपूर कॉम्पोझिट, म्हंजे मिश्र हवामानात मोडतं आणि मुंबई उष्ण-दमट मध्ये. कार्पेट एरियाच्या, म्हंजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या, किती टक्के उघडणारी जागा पाहिजे, तं कॉम्पोझिटला १२.५ आणि उष्ण-दमटला १६.६६. साठ चौरस मीटरचा फ्लॅट धरा, नागपूरला साडेसात चौरस मीटर चालेल, मुंबईला दहा लागेल. आता इथं एक गंमत लक्षात ठेवा, उघडणारी म्हंजे खरोखर उघडणारी. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कधीही अर्धीच उघडते, म्हणून समजा १.५ बाय १.२ मीटरच्या खिडकीतून हिशोबात येतात फक्त ०.९ चौरस मीटर. तीच खिडकी बिजागरीची केली तं संहिता ९० टक्के धरते, १.६२. बाल्कनीचा दरवाजाही मोजला जातो, त्यामुळे दहा चौरस मीटर अशक्य नाही, पण सगळीकडे स्लायडिंग टाकून ते जमणं कठीण. बिल्डर स्लायडिंगच मागतो कारण वरच्या मजल्यावर पल्ला आपटतो, काच फुटते. त्यावर उपाय फ्रिक्शन स्टे, म्हंजे पल्ला जिथं सोडाल तिथं धरून ठेवणारी पट्टी. थोडा खर्च वाढतो, तो वाढू द्या. निदान बेडरूमला तरी बिजागरीची खिडकी मिळवून द्या.

साइटवर गेलात की पहिलं काम दिशा

मुंबईची अडचण अशी की वारा, समुद्राचा व्ह्यू, दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा, चारही गोष्टी पश्चिमेकडूनच येतात. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचं वारं पश्चिम-वायव्येकडून येतं, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. पश्चिमेला मोठी काच लावली की व्ह्यू मिळतो पण घराची भट्टी होते, भिंत बंद केली की वारा गेला.

या गुंत्यावर सगळ्यात सुंदर उत्तर आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी मुंबईतच दिलेलं आहे, कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत, १९८३ ला पूर्ण झाली. प्लॅन २१ मीटर बाय २१ मीटरचा चौकोन, उंची सुमारे ८४ मीटर, फ्लॅट फक्त ३२. प्रत्येक फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बाग-गच्ची कोरून काढली आहे. खोली थेट उन्हापावसाला तोंड देत नाही, मध्ये ती गच्ची आहे, ती मार खाते अन् मागच्या खोलीला नुसता वारा देते. जुन्या बंगल्याला चारी बाजूंनी व्हरांडा असायचा तोच विचार उंच करून मांडलाय. आपल्या भाषेत ओसरी. ती श्रीमंतांची इमारत आहे, एका मजल्यावर आठ फ्लॅट बसवायचे असले तं तशी गच्ची कोणी देणार नाही हे मलाही माहीत आहे. पण तत्त्व वन बीएचकेलाही लागू पडतं. पश्चिमेला हॉलपुढे दीड मीटर खोल बाल्कनी आत घेतलेली, बाहेर लोंबणारी नाही. आणि पश्चिमेचा उरलेला भाग जिना, लिफ्ट, टॉयलेट, डक्ट यांना द्या. ऊन त्यांना झोडपू दे, तिथं कोणी झोपत नाही.

छज्ज्याचं गणित मात्र हातानं करून पाहा, सॉफ्टवेअरच्या आधी. मुंबई साधारण १९ अक्षांशावर. मार्चमध्ये अन् सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा भर दुपारी सूर्य ७१ डिग्री वर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर ६०० मिमीचा छज्जा जवळपास १.७ मीटर खालपर्यंत सावली देतो, म्हंजे पूर्ण खिडकी झाकली. तोच ६०० चा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता पाहा, सूर्य २७ डिग्रीपर्यंत उतरलेला असतो आणि सावली मिळते जेमतेम एक फूट. म्हणून पूर्व-पश्चिमेला आडवा छज्जा टाकून समाधान मानायचं नाही, तिथं उभे फिन (भिंतीतून बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या), जाळी, सरकणारे लुव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) किंवा खोल बाल्कनी. उत्तरेलाही विसरू नका, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मुंबईच्या उत्तरेकडून जातो, पण त्यातला बराच काळ ढगच असतात म्हणून तिथं साधा छज्जा पुरतो.

वारा आत येतो पण बाहेर कुठून जाणार?

नव्या पोरांच्या प्लॅनमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट ही की खिडकी मोठी असते पण एकाच बाजूला असते. मधोमध लांब कॉरिडॉर, दोन्हीकडे फ्लॅट, प्रत्येकाला एकच बाहेरची बाजू. अशा घरात वारा दारात येऊन उभा राहतो, आत शिरत नाही, कारण आतली हवा बाहेर जायला वाट नाही. निदान दोन बाजू उघड्या पाहिजेत, समोरासमोर नसल्या तं लगतच्या चालतील, आणि बाहेर जाणारी वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा लहान नको.

बँकॉकमध्ये द मेट नावाचा ६६ मजल्यांचा टॉवर आहे, २००९ चा, सिंगापूरच्या वोहा या आर्किटेक्ट मंडळींनी केलेला. त्यांनी एक जाडजूड इमारत करण्याऐवजी तिचे सुटे मनोरे केले, मध्ये फटी ठेवल्या आणि वर मधूनमधून पुलांनी जोडले, त्यामुळे प्रत्येक फ्लॅटला वारा आरपार मिळतो. आपल्याला एफएसआयचा, म्हंजे प्लॉटवर किती बांधकाम करायचं त्या हिशोबाचा, जाच असतो, इतकं मोकळं नाही करता येत, तरी प्लॅनला एच सारख्या खाचा पाडता येतात. कॉरिडॉरची दोन्ही टोकं भिंतीनं न बुजवता जाळीनं उघडी ठेवता येतात. जितके जास्त फ्लॅट कोपऱ्यावर येतील तितकं बरं, सुरुवातीला दहा वेगवेगळे प्लॅन हातानं काढून फक्त एवढंच मोजा की किती फ्लॅटना दोन बाजू मिळाल्या.

आता घराच्या आतलं. रात्री बेडरूमचं दार लागतं अन् तिथंच वारा मरतो. आपल्या जुन्या घरांत दारावर रोशनदान असायचं, आठवतं का, ते टॉवरमध्ये परत आणा. दाराच्या चौकटीवर ३०० मिमीची जाळी किंवा फिरते लुव्हर, आडोसाही राहतो आणि हवा हॉलकडून पलीकडे निघते. बिल्डर म्हणेल एसी लावणाऱ्यांची थंड हवा जाईल, तं त्याला बंद होणारं लुव्हर दाखवा. आणि स्वयंपाकघर वाऱ्याच्या पुढच्या टोकाला नको, मागच्या टोकाला ठेवा, नाही तं ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की हॉलमधले पाहुणे खोकत बसतील.

दोन इमारतींमधल्या अंतरावर मात्र कोणाचं ऐकू नका. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांना ना उजेड ना वारा, आणि तिथल्या टीबीचा या बांधणीशी संबंध असल्याचं अभ्यासातून पुढे आलेलं आहे. झोपडीतून पक्क्या घरात आलेली माणसं तिथं आजारी पडली, हे वाचलं की जीव तुटतो. त्यात आपल्यासारख्या भागातून पोटासाठी गेलेली कुटुंबंही असतात. नियमात बसतं म्हणून अंतर कमी करायचा विषय निघाला तं टेबलावर खालच्या तीन मजल्यांचा डे-लाइटचा अभ्यास ठेवा, तो करायला आता एक दिवस पुरतो.

पाऊस, तोही आडवा

आपल्या भागात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. मुंबईत दोन हजारांच्या वर, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, आपला जवळपास अख्ख्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. आणि टॉवरवर तो वरून खाली पडत नाही, आडवा येतो, उंचावर तं वाऱ्याबरोबर भिंतीवरून वरच्या दिशेनं चढतो. म्हणून गळती बहुतेक वेळा गच्चीतून नाही, खिडकीतून होते.

खिडकीचा सेक्शन एकास पाच स्केलला काढायची सवय लावा, एकास शंभरवर काही कळत नाही. खाली दगडाची सिल, तिला बाहेरच्या बाजूला उतार, आतल्या काठाला साधारण वीस-पंचवीस मिमीची उभी पायरी, म्हंजे पाणी वाऱ्यानं ढकललं तरी आत चढणार नाही. सिल भिंतीच्या बाहेर दोन इंच काढलेली आणि तिच्या पोटाला खाच, तशीच खाच छज्ज्याच्या पोटालाही. ही खाच बोटाच्या पेराएवढी असते पण तिच्यामुळे पाणी पोटाला धरून भिंतीकडे धावत नाही, तिथंच टपकतं. छपाई करताना मिस्त्री ती बुजवून टाकतो, म्हणून ड्रॉइंगवर मोठ्यानं लिहा आणि नंतर स्वतः बोट फिरवून तपासा. ॲल्युमिनियमच्या खालच्या ट्रॅकला पाणी निघायची भोकं बाहेरच्या बाजूला आहेत का पाहा, सिलिकॉन मारणारा पोरगा तीही बुजवतो. एएसी ब्लॉक (हलक्या काँक्रीटची वीट) आणि आरसीसी कॉलम जिथं भेटतात तिथं छपाईखाली जाळी मारायलाच लावा, ती चीर पहिल्या वर्षीच पडते आणि दुसऱ्या पावसात आत भिंत फुगते.

खाली जमिनीवर वेगळी गोष्ट. मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकाच वेळी आली की गटारांचं पाणी समुद्रात जात नाही, उलटं फिरतं. त्यामुळे मीटर रूम, जनरेटर, पंपाचं पॅनल बेसमेंटमध्ये काढू नका, पोडियमवर, म्हंजे टॉवरखालच्या उंच चौथऱ्यावर, न्या. पिण्याच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण पुराच्या पातळीच्या वर घ्या, नाही तं पाणी ओसरल्यावर अख्ख्या इमारतीला जुलाब.

खारी हवा अन् लोहा

हा भाग आपल्याकडच्या सिव्हिलवाल्यांनी दोनदा वाचा. गावाकडे स्लॅबला लोह्याखाली २० मिमी कव्हर, म्हंजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, दिला की झालं, तेही कव्हर ब्लॉक नसला तं गिट्टीचा तुकडा सरकवतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात २० मिमी हे सौम्य वातावरणासाठी आहे आणि तिथंच लिहिलंय की किनारपट्टी त्यात धरायची नाही. खाऱ्या हवेपासून झाकलेल्या काँक्रीटला ३० मिमी आणि एम २५ (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तेवढं मजबूत), किनाऱ्याच्या उघड्या वातावरणात ४५ मिमी आणि एम ३०, समुद्राचे तुषार लागत असतील तं ५० मिमी आणि एम ३५. पाणी-सिमेंटचं प्रमाण शेवटच्या दोन्हीला ०.४५ च्या वर नाही.

कारण असं की मिठातलं क्लोराइड काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपतं आणि लोह्यापर्यंत पोचलं की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, तो आतून ढकलतो आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. जुन्या मुंबईत बाल्कनीच्या पोटाखाली पाहा, तांबूस रेघ, मग चीर, मग लोहा उघडा. स्लॅब भरायच्या आधी साइटवर जाऊन वाकून पाहा, सळया सेंट्रिंगला टेकलेल्या तं नाहीत ना, कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच आहेत ना, माणसं चालून चालून वरचं जाळं दबलं तं नाही ना. हे काम इंजिनीअरचं आहे म्हणून आर्किटेक्टनं सोडू नये.

फ्लाय ॲश घातलेलं किंवा स्लॅग घातलेलं सिमेंट इथं फार कामाचं, त्यानं काँक्रीट घट्ट होतं आणि क्लोराइडची वाट अडते. ही राख आपल्याच चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून निघते, तिचा त्रास आपण सोसतो, तं निदान ती चांगल्या कामाला लागू द्या. फक्त क्युरिंग जास्त दिवस लागतं, ठेकेदार घाई करेल, करू देऊ नका. रेलिंग, क्लॅम्प, बोल्ट यांना स्टेनलेस स्टील लिहिताना नुसतं स्टेनलेस लिहू नका, ३१६ ही जात लिहा. ३०४ जातीचं समुद्राजवळ डाग धरतं.

मिवानचं, म्हंजे ॲल्युमिनियम सेंट्रिंगमध्ये सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतण्याचं, आता सगळीकडे चाललंय, काम झपाट्यानं होतं, गळती कमी. पण काँक्रीटची पातळ भिंत ऊन सरळ आत देते. त्यामुळे मिवान असलं तं पश्चिमेच्या भिंतीवर सावली दुप्पट महत्त्वाची, रंग पांढरा किंवा फिकट, गच्चीवर पांढरा चायना मोझॅक. गडद राखाडी टॉवर रेंडरमध्ये देखणा दिसतो, राहणाऱ्याला महाग पडतो.

वाऱ्याचा जोर

वाऱ्याच्या भाराचं मानक म्हंजे आयएस ८७५ चा भाग ३, त्यात मुंबई आणि नागपूर दोन्हीचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंदच दिलाय. आकडा सारखा म्हणून निर्धास्त होऊ नका, समोर उघडा समुद्र असला की १० मीटर उंचीवरचा गुणक १.०५, दाट उंच शहरात ०.८०, आणि दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हंजे तेवढ्यातच सुमारे १.७ पट फरक. उंची वाढली की आणखी. निसर्ग वादळ जून २०२० मध्ये अलिबागजवळ धडकलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते मुंबईजवळून गेलं, म्हणून पश्चिम किनारा शांत आहे हा समज सोडा. ५० ते २५० मीटरच्या काँक्रीट इमारतींना आयएस १६७०० हे उंच इमारतींचं मानक लागतं. स्ट्रक्चरल इंजिनीअरला पहिल्या स्केचलाच बोलवा, प्लॅन ठरल्यावर बोलावलं तं तो तुमच्या खिडक्यांच्या जागीच शिअर वॉल, म्हंजे वाऱ्या-भूकंपाचा आडवा जोर झेलणारी काँक्रीटची भिंत, मागेल.

आगीचं थोडक्यात, १५ मीटरच्या वर नॅशनल बिल्डिंग कोड इमारतीला हायराइजच मानतो. जिने, रेफ्यूज एरिया (आगीत माणसांनी थांबायची सुरक्षित जागा), फायर लिफ्ट यात काटछाट मागितली तं सरळ नाही म्हणा.

राहणारी बाई काय विचारेल

कपडे कुठं वाळवू? चार महिने ऊन नाही आणि ड्रॉइंगमध्ये दोरीला जागा नाही, मग हॉलच्या देखण्या बाल्कनीत लुगडी अन् जीन्स लोंबतात आणि सोसायटी नोटिसा काढते. किचनच्या मागं एक मीटर रुंद ड्राय बाल्कनी द्या, वाऱ्याच्या वाटेवर, वर छत, समोर जाळी, खाली नळ आणि वॉशिंग मशीनचा पॉइंट. एसीच्या बाहेरच्या युनिटला कट्टा तिथं द्या जिथं मेकॅनिक आतून हात घालून काम करू शकेल, त्याला तिसाव्या मजल्यावर भिंतीबाहेर उभं राहायला लागू नये. आणि त्या युनिटची गरम हवा वरच्या घराच्या खिडकीत तं जात नाही ना ते पाहा.

शेवटचं, गच्चीवरचे हुक. समुद्राजवळच्या इमारतीला रंग, क्रॅक भरणं, सिलिकॉन बदलणं हे दर काही वर्षांनी करावंच लागतं आणि ते करणारा पोरगा दोरीवर लटकून करतो. पॅरापेटच्या आत ठरावीक अंतरावर ३१६ स्टीलचे अँकर, बीमच्या लोह्यात बांधलेले, ड्रॉइंगमध्ये दाखवा आणि वरचा स्लॅब भरायच्या आधी स्ट्रक्चरलवाल्याकडून लोड लिहून घ्या. नंतर ड्रिल मारून बसवायचे म्हटलं तं गच्चीचं वॉटरप्रूफिंग फोडावं लागतं.